जानकी अम्मल यांनी ऊस ‘गोड’ केला काय?

वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांच्याविषयी समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो : भारतातला ऊस मुळात गोड नव्हता, म्हणून साखर परदेशातून आणावी लागे, जानकी अम्मल यांनी कोइम्बतूरला संकर करून तो गोड केला आणि देश साखरेत स्वयंपूर्ण झाला. मजकुरामागचा आदर खरा असला, तरी त्यातील बहुतेक विधाने टिकत नाहीत.

आधी चवीचे पाहू. ज्या देशातील ‘शर्करा’ हा शब्द जगातील अनेक भाषांत पोहोचला आणि जिथे शतकानुशतके गूळ व खांडसारी तयार होत आली, तिथला ऊस अगोड असणार कसा? अडचण वेगळीच होती. उत्तर भारतातील देशी ऊस काटक असला तरी बारीक आणि कमी उत्पन्नाचा होता. जाड व रसाळ ‘नोबल’ उसाला तिथली थंडी आणि पाण्याचा ताण सोसत नसे. जावाहून साखर येत होती, एवढे मात्र खरे.

श्रेयाचा प्रश्न तारखांनीच सुटतो. कोइम्बतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी नोबल उसाचा कांस या रानगवताशी संकर करून ‘को २०५’ हे वाण तयार केले व ते १९१८ मध्ये लागवडीसाठी दिले. (‘को ८६०३२’ लावणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘को’ म्हणजे हेच कोइम्बतूर.) जानकी अम्मल यांनी वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी घेतली ती १९२१ मध्ये, आणि त्या या केंद्रात आल्या १९३४ मध्ये. साखरेची आयात घटण्यामागे या वाणांबरोबरच देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा १९३२ चा कायदाही होता.

शिवाय कांसाशी संकर केल्याने गोडी वाढली, ही समजूत तर उलटी आहे. कांसात साखर अगदी कमी असते. त्याच्याकडून मिळतो तो काटकपणा, भरपूर फुटवे आणि रोगांशी झुंजण्याची ताकद. संकरात कमी झालेली गोडी परत आणण्यासाठी पुढच्या पिढ्यांचा नोबल उसाशी पुन्हा संकर करावा लागतो.

मग जानकी अम्मल यांनी केले काय? माझ्या मते, मजकुरात सांगितले जाते त्यापेक्षा अवघड काम. त्या पेशीविज्ञानाच्या अभ्यासक होत्या. ऊस आणि त्याच्या रानटी नातलगांच्या पेशींतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, संकरात ती कशी एकत्र येतात आणि कोणाची किती उतरतात, हे त्या तपासत होत्या. उसाचा इतर प्रजातींतील गवतांशी, अगदी मक्याशीही संकर करून त्यांनी त्याचा अभ्यास केला. ऊस-मका संकरावरील त्यांचे टिपण १९३८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले. असे संकर थेट शेतात जात नाहीत, पण कोणत्या वनस्पतीचे कोणाशी किती जवळचे नाते आहे, हे त्यांतून उलगडते. हीच नजर पुढे इंग्लंडमध्ये पेशीशास्त्रज्ञ सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह सिद्ध केलेल्या, १९४५ मध्ये प्रकाशित झालेल्या लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रकोशात दिसते. इंग्लंडमधीलच विस्ली येथील उद्यानात त्यांनी मॅग्नोलिया या फुलझाडावर कोल्चिसिनचे, म्हणजे गुणसूत्रांची संख्या दुप्पट करणाऱ्या रसायनाचे, प्रयोग केले. तिथल्या एका मॅग्नोलियाला त्यांचेच नाव आहे.

मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९३१ मध्ये मिळाली आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेसाठी नेहरूंनी त्यांना बोलावले, या दोन्ही गोष्टी मजकुरात बरोबर असतात. मात्र त्यात हमखास गळतो तो त्यांचा उत्तरकाळ. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल जलविद्युत प्रकल्पाखाली बुडू नये म्हणून चाललेल्या चळवळीला पाठिंबा देताना त्या ऐंशीच्या घरात होत्या. १९८४ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.