पिशवी, एसटी आणि 'एक सुज्ञ वाचक'

मागच्या लेखावर 'एक सुज्ञ वाचक' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच खाली देणार होते, पण लांबत गेलं, म्हणून इथे.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: २०१८ साली पुण्यात फ्लॅट घेताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पैसे दिले, ते स्टॅम्पपेपरवरच्या पत्राने कागदावर कसे आणले हे लिहिलं होतं. सुज्ञ वाचकांचं म्हणणं असं. आईवडिलांनी दिलेल्या पैशावर कर नाही, मग हे अवडंबर कशाला? स्टॅम्पपेपर शंभरचा लिहिलाय, तो चूक. मुलीला पैशांचं बक्षीसपत्र (दान करण्याचा दस्त) करून दिलं तर महाराष्ट्रात तीन टक्के मुद्रांक शुल्क लागू शकतं, ते मी सांगितलं नाही. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: "म्हातारा बाप पिशवीतून पैसे घेऊन आला आणि लेकीने त्याला पुन्हा एसटीत बसवून दिलं, ही काय मिरवायची गोष्ट आहे?"

शंभरचं मान्य. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभरच्या जागी पाचशेचा लागतो. मी माझ्या वेळचा आकडा लिहून मोकळी झाले. दुरुस्त केलं आहे. चूक दाखवली तर मी मान्य करते, एवढं तरी दिसावं.

आता म्हातारा बाप. आबांना आपण कधी पाहिलंय का? तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि हळद शिजवायला रात्र-रात्र उभे राहत होते. पिशवीत तीन लाख चाळीस हजार होते. तीन हंगामांच्या हळदीतले राखलेले, वर आईने दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेले. खाली नोटा, वर भाकरीचं फडकं. सांगलीहून रात्रभर मांडीवर पिशवी घेऊन आबा पहाटे स्वारगेटला उतरले. हे मी 'मिरवलं' असं ज्याला वाटतं, त्याने लेख वाचला की नुसता चाळला?

ते पैसे मी हातात का घेतले नाहीत, तेही लेखात होतं. पुन्हा सांगते. प्राप्तिकर कायद्याचं कलम २६९एसटी १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. म्हणजे आज दीड, पुढच्या महिन्यात दीड असं तोडूनही भागत नाही, प्रसंग एकच, घर. बाप-लेकीला यात सूट नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका, आणि तो घेणाऱ्याला. आईवडिलांच्या देणगीवर कर नाही हे शंभर टक्के खरं. पण कर नाही म्हणजे रोख चालते, हे कोणी सांगितलं? (चुलतभावाने दिले असते तर करसुद्धा लागला असता. पन्नास हजारांच्या वर गेलं की सगळ्या रकमेवर. चुलतभाऊ कायद्याच्या 'नातेवाईक' शब्दात बसत नाही, मग तो तुमच्या लग्नात कितीही नाचलेला असो.)

आणि "बसवून दिलं" म्हणजे काय? आबा दोन रात्री राहिले. आमटी-भात जेवले, नातवाला घेऊन सारसबागेत गेले. मग गावी जाऊन त्यांनी पैसे स्वतःच्या खात्यात भरले, पॅन कार्ड दाखवून. आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे हळद विकल्याच्या पावत्या, त्यांनी जपून ठेवल्या होत्या, सातबाऱ्यावर हळदीची नोंद होती. तिथून माझ्या खात्यात आरटीजीएस. कर्ज तीस लाखांच्या वर होतं, म्हणजे बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि उरलेले माझे कुठून आले ते विचारणारच. बँकेतल्या मॅडमनी एकच प्रश्न केला, "हे दिलेत की उसने?" उसने असते तर तो हप्ताही त्यांनी माझ्या पगारातून वजा धरला असता. त्यासाठी ते पत्र: मी, अमुक, माझ्या मुलीस घरासाठी एवढी रक्कम स्वखुशीने देत आहे, ती परत घ्यायची नाही.

सही करताना आबा एवढंच म्हणाले, "परत घ्यायची नाही हे लिहायचं कशाला? मी कधी मागितली होती?" त्यानंतर आठवडाभर त्यांचा फोन आला नाही. हे लेखात मी घातलं नव्हतं. मी न सांगता आपण ते ओळखलंत, तर आपलं कौतुकच करायला हवं. पण टोपणनावाआडून दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांचं कौतुक करायची मला सवय नाही.

राहता राहिलं तीन टक्क्यांचं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तूर्त एवढंच, की जंगम (हलवता येणाऱ्या, पैसेही त्यात आले) वस्तूचं दान नोंदणीशिवाय, नुसता ताबा देऊनही पूर्ण होतं, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२३ बघा. आमचं पत्र झालेल्या गोष्टीची कबुली होती, बक्षीसपत्र नव्हे. लेखात मी दोन ठिकाणी 'बक्षीसपत्र' म्हटलंय, ते आपलं बोलण्याच्या ओघात. त्यावरून एवढा गजहब कशाला?

आणि हो, तो लेख छापण्याआधी आबांना फोनवर वाचून दाखवला होता. पिशवीचं काढू का, म्हणून विचारलं. म्हणाले, "राहू दे. पण तिकीट अर्धं लागलं होतं ते लिही, नाहीतर लोकांना वाटेल म्हातारा उधळ्या आहे." ते लिहायचं राहून गेलं होतं. तेही आता घातलं आहे.