हक्कांची निर्यात: होतकरू राजदूतांसाठी मार्गदर्शन

देवगडातून आंबा जातो, काजू जातो, तरणी पोरं जातात. हक्क तेवढे जायचे राहिलेत. परदेशातल्या समलिंगी माणसांना तिथली सरकारं छळतात हे तुम्हाला बघवत नसेल आणि राजनैतिक मार्गाने काहीतरी करावं असं मनापासून वाटत असेल, तर अभिनंदन. धंदा मानाचा आहे. ६ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जिनिव्हात ‘समलिंगींचे हक्क हे मानवी हक्कच आहेत’ असं जगाला ठणकावलं आणि त्याच दिवशी ओबामांनी आपल्या सगळ्या खात्यांना परदेशात या कामाला जुंपलं. तेव्हापासून या क्षेत्रात बरीच भरभराट झाली. भाषण करायचं, झेंडा लावायचा, पैसे अडवायचे. कुठे काय करायचं एवढं कळलं की झालं.

देश निवडताना आधी तो आपल्याला काय विकतो ते बघा. काहीच विकत नसेल, तर तिथली मानवी हक्कांची स्थिती अत्यंत चिंताजनक आहे असं समजा. तेल विकत असेल तर तिथली परिस्थिती गुंतागुंतीची असते, संस्कृती प्राचीन असते आणि संवाद चालू ठेवणं गरजेचं असतं. गॅस विकत असेल तर जर्मनीकडून शिका. नोव्हेंबर २०२२, कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक. तिथे समलिंगी संबंध हा गुन्हा. युरोपातल्या काही संघांच्या कर्णधारांनी ‘वन लव्ह’चा रंगीत पट्टा दंडाला बांधायचं ठरवलं होतं. फिफाने कार्डाची भीती घातली, पट्टे बॅगेत गेले. २३ तारखेला जपानशी सामना सुरू होण्याआधी अख्ख्या जर्मन संघाने तोंडावर हात ठेवून फोटो काढून घेतला, आणि त्यांच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर तोच पट्टा बांधून प्रेक्षकांत बसल्या. सामना जर्मनी २-१ ने हरली. २९ तारखेला कतारचा गॅस जर्मनीला पुरवायचा करार जाहीर झाला: २०२६ पासून किमान १५ वर्षं, वर्षाला २० लाख टनांपर्यंत. तोंडावरचा हात काढायला सहा दिवस पुरले.

आपण कोकणातल्यांनी जर्मनांना हसायचं कारण नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबुधाबीची अ‍ॅडनॉक नाणारच्या रिफायनरीत भागीदार व्हायला आली. गावोगाव सभा झाल्या, मोर्चे निघाले, सड्यावरच्या कलमांचं काय आणि खाडीतल्या माशांचं काय यावर घसे बसले. योग्यच होतं ते. पण सौदीत समलिंगी माणसाला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होऊ शकते, हा मुद्दा प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या तोंडून माझ्या ऐकण्यात आला नाही आणि विरोध करणाऱ्यांच्याही नाही. येणार तरी कसा? खाडीकाठच्या कितीतरी घरांचा स्लॅब कुवेत-दुबईच्या पगारातून पडलाय. शेठला मानवी हक्क शिकवायला जायचं असेल तर परतीचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढावं लागतं.

आता कुणी म्हणेल, तत्त्वासाठी माल अडवता येतच नाही का? येतो की! मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या हापूसवर बंदी घातली. सोबत कारली, पडवळ, वांगी आणि अळू. का? फळमाशी सापडली म्हणून. ऐन हंगामात, पेट्या भरायला घेतलेल्या असताना. बागायतदारांनी डोक्याला हात लावला, आंबा प्रक्रिया करून पाठवायची शिस्त लागली, मग २०१५ च्या जानेवारीत आंब्यापुरती बंदी उठवायचं ठरलं. तर होतकरू राजदूताने यातून घ्यायचा बोध असा की अळी निघाली तर पेटी परत जाते. तेलाच्या पिंपात काय काय बुडालंय ते बघायला मात्र अजून कुणी निरीक्षक नेमलेला नाही.

पैसे अडवण्याचं तंत्र गरीब देशांसाठी राखून ठेवा. उदाहरणार्थ युगांडा. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी समलिंगींविरुद्धच्या कायद्यावर सही केली आणि जागतिक बँकेने ९ कोटी डॉलरचं कर्ज लांबणीवर टाकलं. कर्ज कशासाठी होतं? आरोग्यसेवेसाठी, त्यातही बाळंतिणी आणि नवजात बाळांसाठी. म्हणजे कायदा केला खासदारांनी, सही केली राष्ट्राध्यक्षांनी, शिक्षा बाळंतिणींना. पुढे ऑगस्टमध्ये तो कायदा पडला खरा, पण राजदूतांच्या नाराजीमुळे नव्हे. तिथल्या घटनापीठाने तो रद्द केला, कारण संसदेत तो मंजूर होताना कोरम नव्हता. कोरम! ज्याच्याअभावी आमची ग्रामसभा नेमाने तहकूब होते, तो कोरम. जगातल्या सगळ्या दूतावासांना जे जमलं नाही ते न आलेल्या खासदारांनी करून दाखवलं.

मग २०२३ मध्ये मुसेवेनींनी नव्या कायद्यावर सही केली. यात जन्मठेप आहे आणि काही बाबतींत फाशीसुद्धा. या वेळी कोरमची काळजी घेतली गेली असावी. जागतिक बँकेने पुन्हा नवी कर्जं थांबवली, अमेरिकेने जानेवारी २०२४ पासून व्यापारी सवलती काढून घेतल्या, एप्रिलमध्ये तिथल्या न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला, आणि २०२५ मध्ये बँकेने हात पुन्हा सैल केला. कायदा जिथल्या तिथे.

हे सगळं ज्यांच्या नावाने चालतं त्यांना मात्र चुकूनही विचारू नका. २०११ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी समलिंगींना छळणाऱ्या देशांची मदत कापायची भाषा केली, तेव्हा आफ्रिकेतल्याच अनेक कार्यकर्त्यांनी आणि संघटनांनी एक जाहीर निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: दवाखान्यातली औषधं बंद झाली की लोक बोट आमच्याकडे दाखवणार, आणि त्याच दवाखान्यात आम्हीही जातो. असली निवेदनं वाचू नयेत. भाषणातला जोर जातो.

शिवाय ब्रिटिशांना या विषयात बोलायचा अधिकार खानदानी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ त्यांनीच १८६० मध्ये आपल्या दंडसंहितेत लिहिलं आणि मग जिथे जिथे युनियन जॅक गेला तिथे तसलेच कायदे पेरले. रत्नागिरीला थिबा पॅलेस बघायला जाता ना? जाऊन सेल्फी काढता, खाली भाट्याची खाडी दिसते म्हणता. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, तिथल्या राजाला उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि आपली दंडसंहिता तिकडे लागू केली. राजा इकडे, कलम तिकडे. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. कलम म्यानमारमध्ये अजून ठणठणीत आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी राष्ट्रकुलाच्या मेळाव्यात अशा कायद्यांबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. खेदाला खर्च नसतो, म्हणून तो राजनयात फार लोकप्रिय आहे.

झेंड्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. भाड्याने घ्या. अमेरिकी दूतावासाने २०२० मध्ये मॉस्कोत इंद्रधनुषी झेंडा लावला, त्यावर पुतिन यांनी तिथे काम करणाऱ्यांबद्दल एक टोमणा मारून विषय संपवला. आणि जानेवारी २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेनेच आदेश काढला, दूतावासावर राष्ट्रध्वज सोडून दुसरा झेंडा नको. विकत घेतलेल्यांचं कापड वाया गेलं.

भारतातर्फे जायचं असेल तर काम आणखी हलकं आहे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत समलिंगींवरच्या हिंसेचा अभ्यास करायला स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव आला. २३ बाजूने, १८ विरोधात, आणि आपण तटस्थ. त्याआधी मार्च २०१५ मध्ये मात्र आपण ठाम होतो. संयुक्त राष्ट्रांच्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणारे लाभ काढून घ्यावेत, असा रशियाचा ठराव होता. आपण रशियाच्या बाजूने हात वर केला आणि ४३ विरुद्ध ८० असे आपटलो. आणि डिसेंबर २०१३ विसरता येत नाही. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केलं, १२ तारखेला न्यूयॉर्कमध्ये आपल्या राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, आणि आठवडा उलटायच्या आत यशवंत सिन्हा यांनी बदला म्हणून सुचवलं की भारतातल्या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना ३७७ खाली आत टाका. परराष्ट्रमंत्रिपद भूषवलेला माणूस आहे, कलमांचा उपयोग त्यांना बरोबर कळतो.

गप्प बसून केलेलं काम कधीकधी लागू पडतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, म्हणजे तुम्ही ते टाळाल. २०१० मध्ये मलावीत एका जोडप्याला १४ वर्षांची सक्तमजुरी झाली होती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून तिथे गेले, राष्ट्राध्यक्षांशी बोलले, आणि त्यांना शेजारी उभं ठेवूनच राष्ट्राध्यक्षांनी माफी जाहीर केली. कायदा तसाच राहिला, पण दोन माणसं सुटली. यात फोटो बरा येत नाही.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे, काही देशांत राजदूत लागतच नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चं नख काढलं, तेही इथल्याच माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर. पुढच्याच वर्षी बोट्स्वानाच्या न्यायाधीशांनी आपल्याकडचा कायदा मोडीत काढताना त्या निकालाचा आधार घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मॉरिशसचाही तसला कायदा गेला. ज्या बेटावर आपल्या कोकणातून गेलेल्या गिरमिट्यांची, म्हणजे करारावरच्या मजुरांची, नातवंडं-पतवंडं अजून गणपती बसवतात, तेच मॉरिशस. तिथलाच एक नागरिक कोर्टात गेला आणि जिंकला. ना कुणी कर्ज अडवलं, ना कुणी दंडाला पट्टा बांधला. असं वाढत गेलं तर तुमच्या नोकरीचं कठीण आहे.

शेवटचं, नेमणुकीबद्दल. आमच्या भावकीतला एक मुलगा मुंबईहून दर चतुर्थीला येतो, सोबत त्याचा मित्र. मित्र सोलापूरचा, पण गणपतीच्या डोक्यावरची माटवी तोच बांधतो. नारळ, सुपारीची शिपटी, कवंडळ, तेरडा, सगळं जागच्या जागी. एकदा गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून मुलगा एकटाच आला, तर आजी दारातच म्हणाली, “तुझो तो सोलापूरवालो येवचो नाय काय औंदा? मग माटवी कोण बांधतलो?” जाताना करंज्यांचा डबा दोघांत मिळून एक. कुणी काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही, आणि आत्या त्याच ओसरीवर कुडाळच्या बँकेतल्या मुलीचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवते. गेल्या खेपेला आरतीनंतर ताटं मांडली जात असताना मुलगा सहज बोलून गेला, “आम्ही दोघांनी मिळून घर घेतलंय.” ‘आम्ही’वर त्याने किंचित जास्त भर दिला, एवढंच. आत्याने फोन पालथा ठेवला. काका ताटावरून उठले, “माडांक पाणी लावक जातंय” म्हणाले आणि चतुर्थीच्या धो धो पावसात पाणी लावायला निघून गेले.

तेव्हा अर्जात पहिली पसंती म्हणून युगांडातलं कंपाला लिहा, दुसरी मलावीतलं लिलाँग्वे. आमच्या गावात पोस्टिंग घ्यायला अजून कुणी तयार झालेलं नाही.