परदेशातून: गटर वर असतंय का खाली?

गेल्या आठवड्यात कर्नाटकातल्या आमच्या खानापूरहून (बेळगावजवळचं) दादाचा फोन, म्हणाला तुझ्या घरात गटरीचं पाणी शिरलं म्हणे, खरं तुम्ही अमेरिकावाले गटर वर छपराला कशाला लावताय रे? मी हसत सुटलो. आमच्या गावात गटर म्हणजे दारापुढची, डासांची, दर निवडणुकीत जिचं काँक्रीट होणार असतं ती. इथं न्यू जर्सीत छपराच्या कडेच्या पन्हळीला गटर म्हणतात, छपराचं पाणी त्यात गोळा होऊन पाइपनं खाली उतरतं आणि भिंतीपासून चार-सहा फूट लांब सोडायचं असतं. हे मला आठ हजार डॉलर घालवून कळलं म्हणून एवढं पाठ आहे.

झालं असं की घराशेजारी मेपलची दोन मोठी झाडं, पानगळीत गटर गच्च भरलं, मी म्हटलं करू पुढच्या शनिवारी, असे चार-पाच शनिवार गेले आणि मग दोन दिवस लागून पाऊस आला. गटर तुंबून पाणी सरळ भिंतीच्या बुडात पडलं, माती भिजली आणि तिथून तळघराच्या भिंतीत झिरपत कार्पेट, जिप्समच्या भिंती, आईनं दिलेली गोधडीची पेटी, सगळं ओलं. मी बिनधास्त, इन्शुरन्स आहे की. कंपनीचा माणूस आला, ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं, मग शिडी लावून वर चढला आणि गटरीत उगवलेल्या मेपलच्या रोपट्याचा फोटो काढला. त्या रोपट्यानं क्लेम घालवला म्हणा ना. अकरा पानी पत्र आलं, त्याचा अर्थ एवढाच की पाइप अचानक फुटला असता तर दिलं असतं, हे पाणी जमिनीतून झिरपलंय, ते पॉलिसीत बसत नाही आणि गटर साफ ठेवणं हे तुमचं काम. राग आला खरं, तरी शिडी माझीच होती आणि मीच चढलो नाही.

हे सगळं सांगायचं कारण, घरच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात तोच वाद. एक पार्टी म्हणते सरकारनं भरपाई द्यावी, दुसरी (बहुतेक पुण्याबंगळूरला नोकरीत असलेली पोरं) म्हणते बघा अमेरिकेत कसं सगळं कव्हर असतंय, आपल्याकडं तहसीलदाराच्या तोंडाकडं बघावं लागतंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घराची मागची मातीची भिंत बसली. सरकारी भरपाईसाठी घरांना ए, बी, सी अशी कॅटेगरी लागली, पूर्ण पडलेल्याला ए म्हणजे 5 लाख, आमचं सगळ्यात खालच्या सी मध्ये. गल्लीत महिनाभर पावसापेक्षा जास्त चर्चा कुणाला ए मिळालं कसं मिळालं याचीच. पंचनामा कन्नडमध्ये, आईनं कुठं सही केली तिला आजही ठाऊक नाही. मराठीत कागद द्या ही मागणी आपण कधीपासून करतोय आणि ती रास्तच आहे, मी त्यात मागं सरत नाही, खरं माझं अकरा पानी पत्र वाचताना मला आई आठवली, कारण इंजिनिअरिंग करूनही मला ते तीन वेळा वाचावं लागलं आणि सही तर मीही न वाचताच केलेली.

आता "तिकडं सगळं कव्हर" हे डोक्यातून काढा. इथल्या नेहमीच्या घराच्या पॉलिसीत पूर येतच नाही. त्यासाठी 1968 पासून सरकारची वेगळी योजना आहे, वेगळे पैसे भरायचे, ती लागू व्हायला साधारण 30 दिवस थांबायचं आणि घराला भरपाई जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. सप्टेंबर 2021 मध्ये इडा वादळाचा उरलासुरला पाऊस आमच्या राज्यावर कोसळला तेव्हा कितीतरी लोकांना हे तळघरात गुडघाभर पाण्यात उभं राहूनच कळलं. उलट आपल्याकडं 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, तिच्यात पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे मुळातच धरलेलं आहे. म्हणजे या एका बाबतीत खानापूर न्यू जर्सीच्या पुढं! घेतंय कोण? आमच्या गल्लीत मोटरसायकलचा इन्शुरन्स सगळ्यांकडं, तोही पोलिसाच्या भीतीनं.

दादाला म्हटलं पॉलिसी घे, खरं मातीच्या भिंतीचं घर चालतं का ते आधी लिहून घे, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नको. पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आमची भिंत पुरानं नाही बसली, नदी कुठं आणि घर कुठं. कौलाच्या पागोळ्या जोत्याला लागूनच पडायच्या, भिंत खालून भिजत गेली आणि एका रात्री बसली. बाबा होते तोवर मृगाच्या आधी कौलं चाळून व्हायची, पागोळ्यांखाली चर मारला जायचा, पश्चिमेच्या भिंतीला झडीसाठी ताडपत्री. बाबा गेले, चर बुजला, वर कुणीतरी फरशी घातली, तीही घराकडं उतरती. माझं मेपलचं रोपटं आणि आमची ती फरशी यात मला काडीचा फरक दिसत नाही, आणि सी कॅटेगरी काय किंवा अकरा पानी पत्र काय, दोन्ही भिंत भिजल्यानंतरच येतात. सरकारनं द्यावं, कंपनीनं द्यावं, भांडावं जरूर, खरं चर कुणी मारायचा यावर ग्रुपवर एक मेसेज नाही.

दादा ऐकून घेतो आणि म्हणतो तू तिथं बसून सांगतोस, इथं कौलं चाळायला माणूस मिळतोय का बघ एकदा. बरोबर आहे त्याचं. मलाही गटर साफ करणारा मिळेना, मिळाला तो अडीचशे डॉलर म्हणाला, मग शिडी काढली. बायको खाली शिडी धरून उभी, मी वरून कुजलेला पाला टाकतोय आणि तो नेमका तिच्या डोक्यावर.

दादानं परवा फरशी उचकटली, फोटो पाठवलाय. खाली बाबांचा चर तसाच आहे, फक्त मातीनं भरलेला.