संहिता लिहा, आचाराचं पुढे बघू

अभिनंदन! तुमच्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात पहिलं भांडण झालं, म्हणजे प्रकल्प चालू लागला असं समजायला हरकत नाही. कुणीतरी कुणाच्या पॅचला, म्हणजे पाठवलेल्या कोडदुरुस्तीला, कचरा म्हटलं, त्याने उत्तरात समोरच्याचं शिक्षण काढलं, तिसरा 'जरा शांत व्हा' म्हणत मध्ये पडला आणि मग ते दोघे मिळून तिसऱ्यावर तुटून पडले. आता चौथा कुणीतरी हमखास विचारणार, 'आपल्याकडे आचारसंहिता नाही का?' या माणसाचं नाव टिपून ठेवा. समितीत लागेल.

संहितेचा पहिला नियम असा की ती लिहायची नसते, उतरवून घ्यायची असते. कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट' नावाचा मसुदा तयार करून हजारो प्रकल्पांचे कष्ट वाचवले. असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहब संकेतस्थळाने २०१७ मध्ये तर बटणाचीच सोय केली. एक बटण दाबलं की मसुदा हजर, दुसरं दाबलं की तो प्रकल्पात दाखल, आणि प्रकल्पाच्या गुणवत्ता यादीत आचारसंहितेपुढे हिरवी खूण. वाचण्यासाठी मात्र कुठलंही बटण नाही, त्यावरून काय ते समजा.

मसुद्यात एक जागा चौकटी कंसात मोकळी सोडलेली असते : तक्रारीसाठी संपर्क इथे घाला. ती भरायची अनेकांची राहून गेली आहे. शोधायला बसलात तर अशा फायली ढिगाने सापडतील. तुम्हीही राहू द्या. शिव्या खाऊन बसलेल्या एखाद्या पोराने रात्री दीड वाजता हिंमत करून फाइल उघडावी आणि तिथे त्यालाच 'संपर्क इथे घाला' अशी आज्ञा व्हावी! तक्रारींचा आकडा शून्यावर ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. अगदीच लाज वाटली तर स्वतःचा ईमेल द्या. तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याकडेच येईल, तुम्ही ती निष्पक्षपणे वाचाल आणि तक्रारदाराचं नाव अत्यंत गोपनीय ठेवाल. म्हणजे तुमच्याखेरीज कुणालाच कळणार नाही.

सगळे उतरवतात तेच आपण का उतरवायचं, असा स्वाभिमान जागा झाला तर जरा जुना माल बघा. एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ताही चालू असेल. त्याच्या ग्राहकांच्या फॉर्मवर 'आचारसंहिता आहे का?' असा रकाना येऊ लागला, तेव्हा त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांनी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांतला एक अध्यायच उचलून लावला. नियम एकूण ७२. पहिला, देवावर मनापासून प्रेम करावं. पुढे, उपास आवडून घ्यावेत, दारूच्या नादी लागू नये, फार खाऊ नये, फार झोपू नये, कुरकुर करू नये, मरण रोज डोळ्यांपुढे ठेवावं. ही शेवटची अट कुठलाही मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, न सांगता पाळतोच. २०१८ च्या ऑक्टोबरात लोकांचं याकडे लक्ष गेलं, गदारोळ झाला. हिप यांनी त्या पानाला 'नीतिसंहिता' म्हणून बाजूला बसवलं आणि आचारसंहितेच्या जागी मोझिलाचा मजकूर आणला.

मला विचाराल तर त्या ७२ नियमांत कामाचं पुष्कळ होतं. भांडण झालं तर सूर्य मावळायच्या आत समेट करावा, हा एकच घ्या. अडचण एवढीच, की पुण्यात सूर्य मावळतो तेव्हा कॅलिफोर्नियात तो उगवत असतो. भांडणाला रोज बारा तासांची मुदतवाढ मिळते. मात्र हिप यांची एक चूक तुम्ही करू नका. हे नियम पाळणं कुणावरही बंधनकारक नाही, असं त्यांनी त्याच पानावर लिहून टाकलं होतं. बंधनकारक कुणाचीच संहिता नसते. पण म्हणून ते लिहून द्यायचं?

आता समजा, भांडणात कचरा म्हणणारे तुम्हीच होतात. मग प्रकरण जरा नाजूक आहे. अशा वेळी स्वतःचा उल्लेख 'स्पष्टवक्ता' असा करायला लागा आणि लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, इतिहास तोंडपाठ करा. त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हीडिया कंपनीला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं. कंपनीला बोट दाखवलं त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पण स्वतःच्या मेंटेनरांना जाणारी पत्रंही त्याच शाईत लिहिलेली असत. २०१३ मध्ये एका कर्नल डेव्हलपरने ही शाब्दिक मारहाण थांबवा असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा लिनस यांचं उत्तर आलं ते असं, की मी घरी अंगावर झगा चढवून काम करतो, टाय लावणार नाही आणि कचेरीतलं खोटं सौजन्यही अंगी लावून घेणार नाही. सौजन्य म्हटलं की ते खोटंच असणार, हे त्यात गृहीत होतं. तुम्हीही गृहीत धरा. सोयीचं आहे.

२०१५ च्या मार्चमध्ये कर्नलला 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' नावाचा छोटेखानी मजकूर मिळाला. भांडणाचीच संहिता. तुमच्या कोडवर टीका होणार, ती सोसा. अगदीच सहन झालं नाही तर तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवा. आणि एकमेकांशी छान वागा. तक्रार करणाऱ्या त्या व्यक्तीने कर्नल सोडल्याचं त्याच वर्षी जाहीर केलं. नमुना म्हणून हा मजकूर जपून ठेवण्यासारखा आहे. संहिताही झाली आणि कुणाला आवाज खाली आणावा लागला नाही.

पुढचं तेवढं अनुकरणीय नाही. १६ सप्टेंबर २०१८ ला लिनस यांनी माफी मागितली, माणसांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो म्हणाले आणि रजेवर गेले. त्याच दिवशी भांडणाची संहिता जाऊन कव्हनंटची १.४ आवृत्ती आली. आता कर्नल बुडाला, असं भाकीत लोकांनी केलं. साधारण पाच आठवड्यांत ४.१९ ही आवृत्ती आली, लिनस परतले आणि कर्नल तरंगतच राहिला. मधल्या काळात मंडळींनी एक शहाणपणाचं काम केलं : संहितेचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारी दुसरी फाइल जोडली, आणि ती मूळ संहितेपेक्षा लांब झाली. सूत्र चार ओळींचं, भाष्य चाळीस ओळींचं, ही परंपरा आपल्याला नवी नाही. तुम्हीही भाष्य लिहाच. संहितेत जे द्यावं लागतं ते भाष्यात परत घेता येतं.

मजकुरात जोर कशावर द्यावा? भाषेवर. भाषा दिसते, मोजता येते, स्क्रीनशॉट काढता येतो. आपल्याकडचे कॉलेजविद्यार्थी या बाबतीत कुठल्याही संहितेच्या वर आहेत. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावण्याचा उपक्रम. २०२० मध्ये तिथे चार पुल रिक्वेस्टवर (आमचा बदल मूळ कोडमध्ये मिसळून घ्या, म्हणजे मर्ज करा, असा अर्ज) टी-शर्ट मिळत होता. प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फायलीत 'अमेझिंग' हा एक शब्द घालून 'आदरणीय सर, कृपया मर्ज करावे' अशी विनंती करणाऱ्यांची रीघ लागली. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावे लागले. शिवी एकही नाही, भेदभाव नाही, 'सर' मात्र प्रत्येक वाक्यात (सर बाई असल्या तरी). शंभर माणसांची शनिवार-रविवारची सुट्टी खाल्ली गेली, पण ती संहितेच्या चौकटीत राहून. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पलीकडे पगार न घेणारा माणूस बसलेला असतो.

पलीकडच्या माणसाचं काय होतं ते एक्सझेड प्रकरणात दिसलं. ही दाबून लहान केलेल्या फायली हाताळणारी छोटी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असणारी. सांभाळत होते फिनलंडचे लासे कोलिन, जवळजवळ एकट्याने. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी तिथे पॅच पाठवू लागलं. २०२२ मध्ये 'जिगर कुमार' आणि 'डेनिस एन्स' या नावांनी तगादा सुरू झाला : काम मंद चाललंय, मेंटेनरला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. (जिगर कुमार! आपल्या बी विंगमधला वाटावा. खातं बनावट असावं, असंच आता मानलं जातं.) कोलिन यांनी लिहिलं, की मनाच्या आजारामुळे ओढाताण होते आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात असू द्या. अखेर जिया टॅन सह-मेंटेनर झाला. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवून दिला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या किरकोळ कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खणलं, म्हणून २९ मार्चला तो उघडा पडला.

आता जिया टॅनचं वागणं तुमच्या मसुद्याशी ताडून बघा. आवाज चढवला नाही, टीका सोसली, दोन वर्षं कष्ट केले, सगळ्यांशी अदबीने बोलला. मसुद्यात 'आदर्श वर्तनाची उदाहरणे' असा भाग असतो, तिथे त्याचं नाव घालता येईल. उलट ज्याने त्या काळात करवादून 'हे कमिट नीट बघा रे' (कमिट म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल) असं लिहिलं असतं, त्याला ताकीद गेली असती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते इथे नियमाने करता येतं.

ताकीद म्हटल्यावर शिक्षा आल्या. कव्हनंटच्या २.० आवृत्तीत चार पायऱ्या आहेत : दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. नव्या माणसाला तिसऱ्या पायरीवरूनच चढवा, वेळ वाचतो. जुन्याच्या बाबतीत आधी त्याचे कमिट मोजा. शंभराच्या आत असतील तर ते 'विषारी वर्तन', पाच हजारांच्या वर असतील तर 'सडेतोड स्वभाव'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं.

या सूत्रात न बसणाऱ्या घटना अधूनमधून घडतात, पण घाबरू नका. लिनक्सने २०२४ मध्ये एका फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था) कर्त्याचे बदल ६.१३ या आवृत्तीपुरते घेतले नाहीत, कारण त्याने सहकाऱ्यासाठी वापरलेली भाषा. भाषेबद्दल, आणि लिनक्सने. त्याच वर्षी पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने टिम पीटर्स यांना तीन महिने बाहेर ठेवलं. पायथनचं सॉर्टिंग ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच हे. आरोपांच्या यादीत एक असाही होता, की एका चर्चेतल्या १७७ पोस्टपैकी ४७ त्यांच्या होत्या. मराठी माणसांच्या कुठल्याही सार्वजनिक संस्थेला हा निकष लावला तर वार्षिक सभेला गणसंख्या उरणार नाही.

पण खरा पेच हा, की संहिता राबवणाऱ्यांनी एक दिवस वर बघितलं तर? रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाकडे अगदी सुरुवातीपासून संहिता होती आणि ती राबवणारी वेगळी समितीही होती. २२ नोव्हेंबर २०२१ ला त्या अख्ख्या समितीने एकाच वेळी राजीनामा दिला. कारण त्यांनी स्वच्छ लिहिलं : कोअर टीम (प्रकल्पाचं नेतृत्व करणारा गट) स्वतःखेरीज कुणालाही उत्तरदायी नाही, त्यामुळे तिच्यावर संहिता लागू करणं आम्हाला शक्य नाही. पुढे कोअर टीमच गेली आणि २०२३ मध्ये तिच्या जागी लीडरशिप कौन्सिल आली. बघा, समितीला खरंच काम करायला सांगितलं की काय अनर्थ होतो. म्हणून तुमच्या समितीत ज्याचं नाव सुरुवातीला टिपलं होतं त्याला घ्या, सोबत दोन मवाळ माणसं द्या, मानधन देऊ नका, आणि अंतिम निर्णयाचा अधिकार 'प्रकल्पाच्या नेतृत्वाकडे' ठेवा. नेतृत्व म्हणजे कोण, याची व्याख्या भाष्यात घाला. भाष्य कोण लिहितं ते तुम्हाला माहीत आहेच.

एवढं करूनही कुणी अडून बसलं तर ओपन सोर्समधलं शेवटचं उत्तर तयार आहे : 'पटत नसेल तर फोर्क करा', म्हणजे कोडची नक्कल घेऊन वेगळा प्रकल्प काढा. नोड या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात २०१७ च्या ऑगस्टात एका वरिष्ठ सदस्याला काढण्याचा ठराव फेटाळला गेला, तेव्हा काही जण पदं सोडून गेले आणि 'अयो' नावाचा फोर्क निघाला. तो फार टिकला नाही. फोर्क सहसा टिकत नाहीत. कोडची नक्कल क्षणात होते, पण तो सांभाळणारी माणसं आणि वापरणाऱ्या कंपन्या तशा उचलून नेता येत नाहीत. तुम्हाला हे ठाऊक असतं, जाणाऱ्यालाही असतं. निरोप देताना भाषा जपा. 'आजवरच्या योगदानाबद्दल आभार, पुढील वाटचालीस मनापासून शुभेच्छा' एवढं पुरे, प्रत्येक कलमात बसतं. त्याचे मर्जचे अधिकार मात्र हा निरोप पाठवण्याआधी काढून घ्या.