विश्वास बसेपर्यंत

नवा पाहुणा चार दिवस बुजतो आणि मग घरचाच होतो, असा माझा समज होता. आमचा पाहुणा वीतभर लांबीचा होता, आणि पहिला महिना त्याने मला फक्त शेपूट दाखवली. घोरपडीचं पिल्लू. (रानातून धरून आणलेलं नव्हे. भारतातल्या घोरपडींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्या घरात ठेवणं गुन्हा. हा आफ्रिकेतल्या सॅव्हाना जातीचा, पाळलेल्या जोडीच्या अंड्यातून निघालेला. कागदपत्रं माझ्यापेक्षा त्याची चोख.) मी नाव ठेवलं बाळोबा. हिला नाव आवडलं नाही, त्याला मी.

पहिल्याच दिवशी मी कौतुकाने पेटीत वरून हात घातला. वीतभर जीव टम्म फुगला, कुकरसारखा फुस्कारला, शेपटीचा एक सणसणीत फटका माझ्या मनगटावर बसला, आणि पळता पळता त्याने बाहीवर जो प्रसाद सोडला त्याचा वास दोन धुण्यांना पुरून उरला. मागाहून कळलं की घोरपडीच्या डोक्यावर मधोमध खरोखरच तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. वरून सावली पडली म्हणजे घार आली, एवढंच त्याचं गणित. तिसऱ्या डोळ्याने भस्म झालेल्यांत मनगटापुरता का होईना, माझाही नंबर लागला.

मग जाणकारांचा सल्ला: अंगातला कपडा पेटीत ठेवा, वासाची ओळख होऊ द्या. मी बनियन ठेवला. ही म्हणाली, "मी धुवायला मागते तेव्हा सापडत नाही तो!" बाळोबाने मात्र बनियन मनापासून स्वीकारला. त्याखाली बीळ केलं आणि मी समोर आलो की माझ्याच बनियनमध्ये माझ्यापासून लपू लागला.

दुसरा सल्ला, हात आत खाली टेकवून नुसतं बसा. रोज अर्धा तास. हलायचं नाही, शिंकायचं नाही. तो तिकडे दिव्याखाली पन्नास अंशांच्या वर तापलेल्या दगडावर पोट टेकून पडलेला आणि मी इकडे मुंग्या आलेला हात सांभाळत ताटकळलेला. नोकरीच्या मुलाखतीलाही मी इतका नम्र नव्हतो. विसाव्या दिवशी पाण्याचं वाडगं माझ्या हातून निसटलं. खण्ण! सगळी पुण्याई पाण्यात गेली, तीही त्याच्याच.

पुन्हा पहिल्यापासून. एके संध्याकाळी बनियनच्या बाहीतून आधी नाक आलं, मग एक काळाभोर डोळा, आणि मग ती दुभंगलेली जीभ. जीभ म्हणजे त्याचं नाकच. हवेतला वास टिपून टाळूला नेऊन लावायचा, तिथे चौकशी व्हायची. माझ्या करंगळीची चौकशी सात वेळा झाली. सातही वेळा फाइल पुढच्या तारखेला गेली.

मध्ये एक चूक मी स्वतः केली. झुरळं मोजून डबा बंद केला आणि हात न धुता तसाच आत घातला. बोट आणि झुरळ यांत त्याने कसलाही भेदभाव केला नाही. दात मागे वळलेले असतात, म्हणून ओढून काढू नये, हे मला पाठ होतं. मी ओढून काढलं. तेव्हापासून खाणं फक्त लांब चिमट्याने, आणि हात आधीही धुवायचा, नंतरही.

काल मात्र कमाल झाली. डावा तळवा खाली टेकलेला, उजव्या हातातल्या चिमट्यात नाकतोडा. बाळोबा बाहेर आला, थांबला, आणि चक्क माझ्या तळव्यावर चढला. चारही पाय, वीसच्या वीस नखं! मी श्वास रोखला. तो तसाच पलीकडे उतरला, नाकतोडा घेतला आणि आल्या वाटेने परत गेला, पुन्हा माझ्याच तळव्यावरून. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

दारातून हिने विचारलं, "काय, बसला का विश्वास?"

"बसला नाही," मी म्हटलं, "पण चालून गेला."