टॅबलेटवरचे लाल वर्तुळ आणि नोटॅमचा मजकूर

वैमानिक होऊ पाहणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : नोटॅम, म्हणजे धावपट्टी बंद असणे, हवाई क्षेत्रावर बंधन असणे अशा गोष्टी वैमानिकांना कळवणाऱ्या अधिकृत सूचना, वाचत बसण्याचे दिवस संपले; हवाई क्षेत्रावरची सगळी बंधने ॲपच्या नकाशावर दिसतात; मार्गावर लाल काही नसेल तर आकाश मोकळे समजावे; आणि ॲप चुकलेच तर जबाबदारी ॲपवाल्याची. मी याच मुलांना हवाई नियम शिकवतो, त्यामुळे दिवसाआड कोणीतरी तो मलाच पाठवते.

आधी 'बंधने नकाशावर दिसतात' हे विधान घेऊ. नोटॅमच्या रकान्यांना इंग्रजी अक्षरे दिलेली असतात; ॲपमधले वर्तुळ बहुधा त्यातल्या 'क्यू' ओळीवरून काढलेले असते. त्या ओळीच्या शेवटी एका बिंदूचे अक्षांश-रेखांश आणि सागरी मैलांतली त्रिज्या असते. पण ही त्रिज्या मुळात सूचनांची वर्गवारी करण्यासाठी दिलेली असते आणि सारे बाधित क्षेत्र आत मावेल इतकी मोठी धरलेली असते. खऱ्या हद्दीचे कोपरे 'ई' रकान्यात, खालची-वरची उंची 'एफ' आणि 'जी'मध्ये, तर दिवसातले नेमके तास 'डी'मध्ये सापडतात. त्यामुळे अरुंद पट्ट्याचे गोल वर्तुळ होते, आणि रोज दोनच तास लागू असलेले बंधन आठवडाभर लाल दिसू शकते. उलट, ज्या सूचनेत हद्द आकड्यांऐवजी शब्दांत सांगितलेली असते, ती कित्येकदा नकाशावर उमटतच नाही.

'लाल नाही म्हणजे मोकळे' हे विधान त्याहून धोक्याचे आहे, कारण कोरा नकाशा बंधन नसल्यामुळे कोरा आहे की माहिती उतरवून घेतलेली नसल्यामुळे, हे नुसते पाहून कळत नाही. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद केले गेले. जाहीर झालेली मुदत भारतीय वेळेनुसार १५ मे, पहाटे ५ वाजून २९ मिनिटे अशी विचित्र दिसत होती. नोटॅमच्या पद्धतीने ती २५०५१४२३५९ अशी लिहिली जाते, म्हणजे १४ मे, यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) २३:५९. प्रत्यक्षात १२ मे रोजीच हे विमानतळ खुले झाले. ज्याच्या टॅबलेटवर ६ मेची माहिती होती त्याला सगळे उघडे दिसले असते, आणि १० मेची माहिती घेऊन १३ तारखेला निघालेल्याला सगळे बंद.

शिवाय पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे आणि तिथले हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. पुण्याहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या खासगी किंवा प्रशिक्षण विमानाला उड्डाण माहिती केंद्राचा म्हणजे एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाची परवानगी, म्हणजे एडीसी क्रमांक, घ्यावाच लागतो. नकाशा मोकळा दिसला म्हणून हा क्रमांक मिळत नाही.

जबाबदारीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ नुसार उड्डाणाशी संबंधित सर्व उपलब्ध माहिती आधी जाणून घेणे हे मुख्य वैमानिकाचे काम आहे. ॲपवाल्यांनी स्वतःच्या अटींत हात झटकलेले असतात, पण त्या अटी वाचतो कोण?

राहिले 'नोटॅम वाचवत नाहीत' हे गाऱ्हाणे, आणि ते मात्र खरे आहे. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचे विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्यावर, उतरू लागले होते. तिथे चार विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर छापलेली होती, पण तिच्याकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नव्हते. तेव्हा ढिगातून कामाची सूचना वेगळी काढण्यासाठी ॲप जरूर वापरावे. माझा त्याला विरोध नाही, मीही वापरतो.

वर्गात मी एक नोटॅम फळ्यावर लिहितो, मुलांना 'ई' रकान्यातले कोपरे कागदी नकाशावर जोडायला लावतो आणि मग ॲपमधले वर्तुळ शेजारी ठेवतो. दोन्ही आकार जुळत नाहीत हे लगेच दिसते. वेळेत साडेपाच तास मिळवायला विसरणारा मात्र प्रत्येक तुकडीत एकतरी निघतोच.