डबीत पैसे नसतात, भो!

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी शालकाचा फोन आला. "दाजी, मी येऊन राहिलो. डबी आली. पाच मिनिटांत चालू करून द्या, चारच्या आत परत जायचंय, गाडी भरायची आहे." शालक रावेरकडचा, केळीवाला. मी भुसावळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे ज्या वस्तूला बटण असतं ती सगळ्या सासुरवाडीच्या हिशेबाने माझ्या खात्यात येते. आणि डबी म्हणजे हार्डवेअर वॉलेट. क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाची, चावी सांभाळणारं ते यंत्र चुन्याच्या डबीहून फार मोठं नसतं, म्हणून नाव चपखल.

खोकं उघडलं. डबी, केबल आणि एक जाड कार्ड. कार्डावरची चंदेरी पट्टी पठ्ठ्याने वाटेतच नखाने खरवडली होती. खाली चोवीस इंग्रजी शब्द, सुबक छापलेले.

"हे शब्द कुणी दिले?"

"कंपनीनं. मेसेजमध्ये लिहिलंय ना, रेडी डबी घ्या म्हणून."

तो मेसेज आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. लग्नपत्रिका आणि सुप्रभात यांच्या ढिगाऱ्यात मी पाहिलाच नव्हता. काल रात्री तोच मेसेज चाळीसगावच्या साडूंनी पुन्हा पाठवला, "सर्वांनी जरूर वाचा" असं वर लिहून. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचा सारांश असा. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर, पैसे ठेवू नका, डबीत ठेवा. कॉइन डबीत साठतात, डबी हरवली की सगळं गेलं. सेटिंगची कटकट नको असेल तर शब्द छापून आलेली रेडी डबी घ्या, स्वस्तही पडते. त्या शब्दांचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. वर्षातून एकदा साइटवर शब्द टाकून डबी 'व्हेरिफाय' करा. डबी हॅक होणं अशक्य. आणि एकदा डबीत गेलं की टॅक्स नाही.

क्रमाने जात नाही. रेडी डबीचं आधी बघू, कारण त्यापायी शालकाचे केळीचे सव्वादोन लाख जाता जाता राहिले.

हे चोवीस शब्द म्हणजे काय ते नीट समजून घ्या. डबी पहिल्यांदा चालू केली की ती स्वतःच्या आत मोठा आकडा पाडते, लॉटरीसारखा, आणि तो माणसाला लिहून घेता यावा म्हणून शब्दांत दाखवते. शब्दांची यादी ठरलेली आहे, २०४८ शब्दांची, २०१३ पासून बहुतेक कंपन्या तीच वापरतात. काही डब्या चोवीस शब्द देतात, काही बारा. ते फक्त डबीच्या चिमुकल्या पडद्यावर दिसतात. कंपनीला ते माहीत नसतात, असायचं कारणही नाही. आणि हे शब्द ज्याच्याकडे आहेत तो जगात कुठेही, दुसऱ्या कुठल्याही डबीवर किंवा साध्या मोबाइलवर तुमचं वॉलेट जसंच्या तसं उभं करू शकतो. त्याला तुमची डबी लागत नाही, पिन लागत नाही, तुम्हाला विचारावंही लागत नाही.

आता सांगा, शब्द छापून आले म्हणजे कुणीतरी छापले ना? छापणाऱ्याने ते वाचले नाहीत का? त्याच्याकडे त्याची प्रत आहे. तो फक्त तुम्ही पैसे टाकायची वाट बघत बसलाय. पीक कापणीला येईपर्यंत चोर कधी शेतात शिरतो का?

ही कल्पनेतली भीती नाही. जानेवारी २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या एका माणसाने ईबेवर घेतलेल्या लेजर कंपनीच्या डबीत असंच खरवडायचं कार्ड निघालं. त्याने भाबडेपणाने तेच शब्द वापरले, आणि सुमारे २५ हजार पौंड गेले. खरवडायची पट्टी ही त्यातली खरी चलाखी. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पानटपरीवर व्हाउचर घेऊन रिचार्ज केलंय. पट्टी शाबूत म्हणजे आधी कुणी पाहिलेलं नाही, हे आपल्या नखाला पाठ झालंय. पट्टी लावण्याआधी छापखान्यात काय झालं, हा प्रश्न डोक्यात येतच नाही.

याहून पुढची गोष्ट कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये सविस्तर मांडली. ती मी शालकाला वाक्यावाक्याला थांबून सांगितली. एकाने जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिरातींतून ट्रेझर कंपनीची 'मॉडेल टी' डबी घेतली. खोक्यावरचे चमकते स्टिकर शाबूत. कार्डावर काही छापलेलं नाही. डबीने स्वतः शब्द दाखवले, सगळं नियमाप्रमाणे. तरी एके दिवशी त्याचे १.३३ बिटकॉइन दुसऱ्याच पत्त्यावर गेले, आणि त्या वेळी डबी कॉम्प्युटरला जोडलेलीसुद्धा नव्हती. कॅस्परस्कीने डबी उघडली. मूळ डबीचं कवच कारखान्यात ध्वनिलहरींनी सांधलेलं असतं, इथे आत गोंद आणि दुहेरी चिकटपट्टी. चिप बदललेली, आतला प्रोग्रॅम बदललेला. डबी शब्द पाडत होती खरी, पण चोराने आधीच ठरवून ठेवलेल्या वीस संचांपैकी एक. वीस! आमच्या गल्लीत याहून जास्त घरं आहेत. चोवीस शब्दांवर आपल्या मनाचा जास्तीचा गुप्त शब्द लावायची सोय असते, तीही पोखरलेली होती. तुम्ही कितीही लांब शब्द द्या, तिच्या लेखी पहिलं अक्षर तेवढं खरं.

म्हणजे "दाजी, मग हीच डबी रीसेट करून नवे शब्द काढू" हा शालकाचा पुढचा तोडगाही बाद. ज्याने कार्ड छापलं त्याने आत काय भरलंय, कुणी सांगावं? जळगाव जिल्ह्यातली माणसं आपण, सोन्याची बाजारपेठ दाराशी. रस्त्यावर सीलबंद पुडीत स्वस्त सोनं विकणाऱ्याकडून तोळाभर तरी घेऊ का? तिथे कसोटी लावतो, दोन सराफांना दाखवतो. इथे हजार-दीड हजार वाचवायला अनोळखी विक्रेत्याची डबी. ती आता माझ्या दुकानात पेपरवेट आहे. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत आणि करणारही नाही. नवी डबी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून मागवली. आल्यावर कंपनीच्या अ‍ॅपमधून ती खरी आहे का हे तपासलं, प्रोग्रॅम ताजा केला, आणि मगच पुढे.

वर्षातून एकदा 'व्हेरिफाय' करायचं म्हणे. कशासाठी? डबीला काय परवाना नूतनीकरण असतं? हा मुद्दा कुणा चोरानेच मेसेजमध्ये घुसवला असणार. लेजरच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये चोरीला गेली आणि त्या डिसेंबरात उघड्यावर आली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन. तेव्हापासून त्या लोकांना ईमेल, मेसेज, चक्क खोट्या डब्या पोस्टाने गेल्या. २०२५ मध्ये तर लेटरहेडवर छापलेली पत्रं, क्यूआर कोडसकट, "पडताळणी करा नाहीतर वॉलेट बंद होईल." हे शब्द कुठल्याही साइटवर, अ‍ॅपमध्ये, फॉर्ममध्ये टाकायचे नसतात. मला फोनवर सांगायचे नसतात, साडूंनाही नाही. टाकायची जागा एकच, डबी स्वतः. आणि फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन जरूर करा, पण बँकेतला पैसा मध्येच गोठवता येतो तसा बिटकॉइनचा व्यवहार मागे फिरत नाही.

कॉइन डबीत साठतात, हे तर शीर्षकातच खोडलंय. कॉइन कुठेच 'साठत' नाहीत. सातबारा जसा तलाठ्याच्या दप्तरी असतो, तुमच्या खिशात शेत नसतं, तशी ती जगभरच्या कॉम्प्युटरांवरची नोंद आहे. डबी फक्त व्यवहारावर सही करते. डबी विहिरीत पडली तर नवी आणा, शब्द टाका, सगळं जागेवर. शब्द हरवले आणि डबीही गेली, तर मात्र ब्रह्मदेव आला तरी काही होणार नाही.

फोटोचं काय बोलायचं? ज्या फोनपासून लपवायला डबी घेतली, त्याच फोनमध्ये तिजोरीची चावी. वर तो फोटो आपोआप क्लाउडवर चढतो. पुढे.

एक्स्चेंजवर पैसे ठेवणं धोक्याचं, हे मात्र मान्य. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले ते सगळ्यांनी वाचलंय. मेसेजची सुरुवातच त्या बातमीने होते, आणि ती खरी असल्यामुळेच पुढचं खोटं गिळलं जातं. पण "डबी हॅक होणं अशक्य" हे लिहिणाऱ्याने २१ फेब्रुवारी २०२५ बघावा. बायबिट एक्स्चेंजचे जवळपास १५० कोटी डॉलर गेले. सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती. कुणी ती फोडली नाहीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक दिसत होतं, प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. म्हणून पैसे पाठवताना पत्ता आणि रक्कम डबीच्या पडद्यावर वाचायची, कॉम्प्युटरच्या नाही. कॉपी-पेस्ट केलेला पत्ता परस्पर बदलणारे व्हायरस असतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपमध्ये काय काय सापडतं ते सांगितलं तर जेवण जाणार नाही. डबी चोराच्या हाती लागली तरी चिंता नाही, हेही पुरतं खरं नाही. क्रॅकन या एक्स्चेंजच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये त्या वेळच्या ट्रेझरमधून पंधरा मिनिटांत शब्द काढून दाखवले होते. त्यावर उतारा तोच, जास्तीचा गुप्त शब्द. फक्त डबी अस्सल हवी.

टॅक्सचं दोन ओळींत संपवतो. स्वतःच्या एक्स्चेंज खात्यातून स्वतःच्या डबीत हलवणं म्हणजे विक्री नव्हे, एवढं अर्धं खरं. विकलं की नफ्यावर ३० टक्के, १ एप्रिल २०२२ पासून. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. "शेतकऱ्याला टॅक्स नसतो" हे केळीला लागू आहे भो, बिटकॉइनला नाही.

(क्रिप्टो घ्यावं का, असं कुणी विचारलंच तर माझं मत: एका वादळात बाग आडवी होते, त्या धंद्यात जुगार पुरेसा आहे. पण शालक माझं ऐकत नाही, म्हणून निदान कुलूप तरी धड असावं.)

नवी डबी आली तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि त्याला कागदावर शब्द उतरवायला लावले. तो झपाझप देवनागरीत लिहीत होता.

"दाजी, व्हॅक्यूम असंच ना?"

"मोठ्याने वाचू नको! आणि इंग्रजीत लिही, पडद्यावर दिसतं तसं."

माझ्या कानावर पडलेल्या एका शब्दाने काही बिघडत नाही, पण मी त्याला सगळं पुन्हा पुसून नव्याने करायला लावलं. वर्षभराने देवनागरीतला व्हॅक्यूम परत इंग्रजीत लिहिताना त्यात किती यू टाकले असते, देव जाणे. ही यादी मराठीत नाही, हिंदीतही नाही.

मग आधी फक्त पाचशे रुपयांचं पाठवलं. ते पोचल्यावर मी म्हटलं, आता मुद्दाम चुकीचा पिन टाक. ही डबी तीन चुकांनंतर स्वतःला पुसते, काही कंपन्यांच्या सोळा चुकांनंतर. तिसऱ्यांदा टाकताना त्याचा चेहरा गारपिटीनंतरच्या बागेसारखा झाला. डबी कोरी. कागदावरून शब्द टाकले, पाचशे रुपये पुन्हा दिसले. कागद बरोबर लिहिलाय हे कळायचा खात्रीचा रस्ता हाच, आणि तो मोठी रक्कम टाकायच्या आधी करायचा असतो.

कागद ठेवायचा कुठे? रावेरला जुनं घर, वाळवी आहे, मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी. मी म्हटलं, स्टीलच्या पट्टीवर उमटवून ठेव. लगेच याचं, "सोपंय, भांडीवाल्याकडे मशीन आहे, ताटावर नाव घालतो तसं घालून देईल."

मी हात जोडले. म्हटलं, छापील कार्डवाला काय आणि भांडीवाला काय, वाचणारा वाचणारच. हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आण आणि स्वतः ठोक. पूर्ण शब्द नको, पहिली चार अक्षरं पुरतात, यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार सारखी नाहीत. आणि शब्दांचा क्रम चुकवू नको.

परवा दुपारी त्याला फोन केला तर मागून ठक् ठक् आवाज. "दाजी, सोळाव्यावर आहे," म्हणाला. आवाजावर आवाज चढवून सासूबाई ओरडत होत्या, "काय ठोकून राहिला रे भरदुपारी?"